घरी बीफ एजिंग करायचंय? मग कापलेले स्टेक नकोत, अख्खा तुकडा घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अमेरिकेत ऑस्टिनला राहता. स्टेकहाउसमध्ये ड्राय-एज्ड (थंड हवेत काही आठवडे उघडा ठेवून मुरवलेला) रिबआय, म्हणजे बरगडीच्या भागातला स्टेक, खाल्ला आणि तीच चव घरी हवी म्हणून दुकानातून एक इंच जाडीचे चार रिबआय स्टेक आणलेत. कागदी टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये जाळीवर ठेवलेत, टॉवेल रोज बदललात. दहाव्या दिवशी कडा काळपट आणि कडक झालेल्या, आत चवीत फारसा फरक नाही, वर थोडा आंबूस वास. आता तुम्हाला कळत नाहीये की दहा दिवस कमी पडले की जास्त झाले.

दिवसांचा हिशेब नंतर करू. पाच दिवस ठेवले असते तरी ती चव आली नसती आणि वीस ठेवले असते तरी नसती आली. अडचण जाडीची आहे. ड्राय एजिंगमध्ये मांसाचा बाहेरचा थर वाळतो, त्या थराच्या आड आतल्या मांसाला आठवडेच्या आठवडे मिळतात, आणि शेवटी तो वाळलेला थर कापून टाकून द्यावा लागतो. तीन-चार आठवड्यांत प्रत्येक उघड्या बाजूचे साधारण ६ ते ८ मिलिमीटर असे जातात. तुमचा स्टेक २५ मिलिमीटर जाडीचा. दोन्ही बाजू मिळून १२ ते १६ मिलिमीटर गेले की उरतो एक पातळ काप, जो तव्यावर कडक रंग येईपर्यंत आतून पूर्ण शिजून चिवट होतो. म्हणून कुठलाही चांगला खाटीक कापलेले स्टेक ड्राय-एज करत नाही. तो बरगडीचा किंवा कमरेचा अख्खा तुकडा टांगतो किंवा जाळीवर ठेवतो, आणि स्टेक शेवटी कापतो.

आंबूस वासाचं कारण बहुतेक टॉवेल. कापड असो वा कागद, तो ओल शोषून मांसाला चिकटूनच बसतो. पृष्ठभाग वाळायला हवा तिथे तो दिवसभर दमट राहतो, आणि दमट पृष्ठभाग जिवाणूंना हवाच असतो. रोज बदलूनही मधले तेवीस तास तो ओलाच असतो. मांस आणल्याबरोबर एकदा टिपून घ्यायला कागदी टॉवेल उत्तम, पण गुंडाळून ठेवायला नको.

पुढचं सांगण्याआधी तुम्ही एक ठरवा: मांस मऊ हवंय की चव बदलायला हवीय? लोक दोन्ही एकत्र धरतात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत.

जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात. त्यानंतर मांसातलेच एन्झाइम, मुख्यतः कॅल्पेन, स्नायूंच्या तंतूंचे सांधे तोडायला लागतात आणि मांस सैल पडत जातं. या कामाचा मोठा भाग पहिल्या दोन आठवड्यांत उरकतो, पुढे वेग मंदावतो. यासाठी हवा लागत नाही, वाळणं लागत नाही, फक्त थंडी आणि वेळ लागतो. हवाबंद पिशवीतही हे तितकंच होतं. अमेरिकेत सुपरमार्केटमध्ये मिळणारं जवळपास सगळं बीफ अशा व्हॅक्यूम पिशवीत काही आठवडे राहूनच तुमच्यापर्यंत येतं. म्हणजे तुम्ही आणलेल्या स्टेकचा मऊपणा दुकानात येईपर्यंतच बराचसा झालेला होता.

चवीचं तसं नाही. प्रथिनं तुटून मोकळी अमिनो आम्लं तयार होतात, त्यात चव भरदार करणारं ग्लुटामेटही असतं. चरबीचं हळूहळू ऑक्सिडेशन होतं. पृष्ठभागावर बुरशी आणि यीस्ट आपलं काम करतात. भाजलेल्या दाण्यांचा, लोण्याचा, पुढे जुन्या चीजचा जो वास ड्राय-एज्ड बीफला येतो तो या सगळ्यातून येतो, आणि त्यासाठी हवा आणि किमान तीन-साडेतीन आठवडे लागतात. ‘पाणी उडून जातं म्हणून चव घट्ट होते’ असं सर्रास सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. बहुतेक पाणी बाहेरच्या थरातून जातं, आणि तो थर आपण कापून टाकतो. आतल्या मांसात पाणी फार कमी झालेलं नसतं.

आपल्याकडे मटण मऊ करायला कच्ची पपई लावतात, आणि काही जण विचारतात की मग तेच स्टेकला का नको. पपईतलं पपेन फक्त वरवर काम करतं आणि शिजताना गरम झालं की एकदम जोरात करतं. वरचा थर पिठूळ होतो, आत काही पोचत नाही, आणि चवीत तर काहीच भर पडत नाही. सीख कबाबाच्या खिम्याला ते ठीक आहे. महागडा रिबआय त्याने वाया जातो.

आता, काय करावं हे बऱ्याच अंशी तुमच्याकडे काय आहे त्यावर ठरतं. वेगळा छोटा फ्रिज ठेवायला जागा आहे का? एकदम सहा किलो मांस घ्यायची आणि त्यातला तिसरा हिस्सा गमावायची तयारी आहे का? घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी हेच खाणार आहे का? या तिन्हींची उत्तरं मला माहीत नाहीत, म्हणून तीन वेगवेगळे मार्ग सांगतो. सोप्यापासून सुरू करतो.

हातात कापलेले स्टेकच असतील तर एजिंग विसरा आणि मिठाचा वापर करा. ४०० ग्रॅमच्या स्टेकला ४ ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचा पाऊण चमचाही नाही. दोन्ही बाजूंनी आणि कडांना सारखं लावायचं, जाळीवर ठेवायचं, खाली ताट, वर काहीही झाकण नाही, आणि फ्रिजमध्ये २४ ते ४८ तास. आधी मीठ पाणी बाहेर ओढतं, मग ते खारं पाणी पुन्हा आत मुरतं आणि पृष्ठभाग कोरडा होतो. पृष्ठभागावर पाणी असेल तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि खरपूस रंग तर त्याच्या बराच वर धरतो. म्हणून कोरड्या स्टेकला एका मिनिटात जो रंग येतो तो ओल्याला तीन मिनिटांत येत नाही, आणि त्या जादा दोन मिनिटांत आतलं मांस शिजून जातं. स्टेकहाउसमध्ये आवडलेल्या चवीपैकी बरीचशी या खरपूस थराची असते, हे लक्षात घ्या. दोन दिवसांच्या पुढे मात्र नेऊ नका, कडा वाळायला लागतात.

याच्या एक पाऊल पुढे जायचं असेल तर जपानी कोजी, म्हणजे खास बुरशी वाढवलेला तांदूळ, वापरून बघा. त्याचा खारट लगदा शिओ कोजी म्हणून आशियाई दुकानांत तयार मिळतो. पातळ थर लावून दोन दिवस ठेवायचा आणि तव्यावर टाकण्याआधी नीट खरवडून, टिपून काढायचा, कारण त्यात साखर असते आणि ती पटकन करपते. वेगळं मीठ लावायचं नाही. ही ड्राय एजिंगची नक्कल नव्हे, पण कोजीतले एन्झाइम प्रथिनं तोडून तशाच जातीची गोडसर, भरलेली चव देतात. फिश सॉस, ब्लू चीज वगैरे लावून ठेवण्याचे उपायही लोक सांगतात. त्यातून फिश सॉसची आणि चीजचीच चव येते.

दुसरा मार्ग व्हॅक्यूम पिशवीतला, म्हणजे वेट एजिंग. मुख्य उद्देश मऊपणा असेल तर हा सर्वांत स्वस्त, कारण काहीच वाया जात नाही. होलसेल दुकानातून कारखान्यातच सीलबंद झालेला अख्खा स्ट्रिप लॉइन (कमरेचा तुकडा) किंवा बिनहाडाचा रिबआय घ्या. पॅकिंगची तारीख खोक्यावर असते, पिशवीवर नसली तर मागच्या काउंटरवर विचारा. त्या तारखेपासून २८ ते ४० दिवस पिशवी न उघडता फ्रिजच्या सर्वांत थंड कोपऱ्यात, ० ते २ अंश सेल्सियसला ठेवा. पिशवीत लालसर पाणी साठतं, ते रक्त नव्हे. पाणी आणि मायोग्लोबिन हे स्नायूतलं लाल प्रथिन आहे. उघडल्यावर पहिली काही मिनिटं कोंदट, किंचित गंधकासारखा वास येतो. मांस टिपून जाळीवर ठेवा, अर्ध्या तासात वास गेला पाहिजे. गेला नाही, किंवा पिशवी आधीच फुगलेली होती, तर ते खायचं नाही. फोमच्या ट्रेवर पातळ फिल्म लावून विकतात ते स्टेक घरी व्हॅक्यूम करून आठवडेच्या आठवडे ठेवणं हे याच्यात बसत नाही. ते दुकानात कापताना सुरी, फळी, हात यांना लागलेले असतात आणि त्यांचं घड्याळ कधीच सुरू झालेलं असतं.

आता तुम्हाला खरं हवंय ते, ड्राय एजिंग.

तुकडा निवडताना बाहेरून जितकी चरबी आणि हाड तितकं चांगलं, कारण ती दोन्ही मांसाचं कवच होतात आणि त्या बाजूंनी जवळपास काही गमवावं लागत नाही. माझी पहिली पसंती हाडासकट रिबला, चाइन बोन म्हणजे कण्याचं हाड काढलेलं पण बरगड्या आणि वरची चरबी शाबूत. कण्याचं हाड असेल तर शेवटी करवतीशिवाय स्टेक कापता येत नाहीत. ते नसेल तर दोन बरगड्यांच्या मधून सुरी सरळ जाते आणि आपोआप ४-५ सेंटिमीटर जाडीचा स्टेक निघतो. अख्ख्या रिबला सात बरगड्या असतात. तीनपेक्षा कमी बरगड्यांचा तुकडा घेऊ नका, कारण दोन्ही टोकांचे काप जाणार आणि मधे एकच स्टेक उरणार. दुसरी पसंती बिनहाडाच्या स्ट्रिप लॉइनला, एका बाजूला जाड चरबी असलेल्या. टेंडरलॉइन (कण्याखालचा मऊ तुकडा) नको: लहान, नितळ, चरबी नाही, सगळीकडून वाळतो. ग्रेड (अमेरिकेतली सरकारी प्रतवारी) चॉइस किंवा प्राइम. त्यांच्याखालच्या सिलेक्टमध्ये आतली चरबी इतकी कमी असते की महिनाभर ठेवून चवीत पडणारा फरक पैशांच्या मानाने नगण्य राहतो.

लेबल वाचताना एक गोष्ट चुकवू नका. काही मांसाला मऊ करण्यासाठी कारखान्यात पात्यांनी किंवा सुयांनी टोचलेलं असतं. अमेरिकेत मे २०१६ पासून तसं लेबलवर लिहिणं बंधनकारक आहे. असं मांस एजिंगला घ्यायचं नाही, काहीही झालं तरी. अख्ख्या तुकड्याचा आतला भाग जवळपास निर्जंतुक असतो आणि जिवाणू असतात ते बाहेर. ते आपण वाळवतो आणि कापून टाकतो. एजिंगची सगळी सुरक्षितता या एका गोष्टीवर उभी आहे, आणि टोचलेल्या मांसात पृष्ठभागावरचे जिवाणू आत ढकललेले असतात. मीठ-पाण्याचं इंजेक्शन दिलेलं मांसही याच कारणासाठी नको.

फ्रिज वेगळाच हवा. स्वयंपाकघरातला फ्रिज दिवसातून पंचवीस वेळा उघडतो, आत ४-५ अंशांच्या आसपास असतो आणि दार उघडलं की वर चढतो. शिवाय मराठी घरातल्या फ्रिजमध्ये डोशाचं आंबलेलं पीठ, लसणाची चटणी, अर्धा कापलेला कांदा, कोथिंबीर हे सगळं असतंच. चरबी वास इतका पटकन धरते की तीन आठवड्यांनी रिबआयला लसणाचा वास येणार हे नक्की. उलट बाजूनेही विचार करा: कच्चं मांस उघडं आणि शेजारी कोशिंबिरीची काकडी, हे बरोबर नाही. म्हणून सव्वाशे लिटरच्या आसपासचा साधा छोटा फ्रिज, ज्यात वेगळी बर्फाची पेटी नाही असा. विकत घेण्याआधी आतली रुंदी मोजा. अख्खा स्ट्रिप लॉइन अर्ध्या मीटरच्या आसपास लांब असतो आणि बऱ्याच छोट्या फ्रिजमध्ये आडवा मावत नाही. तिरका ठेवता येतो, पण भिंतीला चिकटता कामा नये. मागच्या थंड पत्र्याला चिकटला तर तिथे गोठतो आणि तिथेच ओलही धरतो.

आत लागतात तीन वस्तू: तारेची जाळी, छोटा पंखा आणि दोन मापकं (तापमानाचं आणि आर्द्रतेचं). पंखा संगणकातला १२० मिलिमीटरचा, यूएसबीवर चालणारा पुरतो. वायर चपटी असली की दाराच्या रबरातून बाहेर येते. पंख्याचा झोत थेट मांसावर सोडू नका, भिंतीवर सोडा. हवा फिरती राहायला हवी, एकाच जागी मांस वाळायला नको. तापमान १ ते ३ अंश सेल्सियस, म्हणजे ३४ ते ३७ फॅरनहाइट. फ्रिजचा आकड्यांचा गोल नॉब काय सांगतो त्यावर विसंबू नका. थर्मामीटरचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवा. हवेचं तापमान दार उघडलं की उड्या मारतं, पाण्याचं हळू बदलतं आणि मांसाच्या जवळचा आकडा देतं. आर्द्रता ७५ ते ८५ टक्के. नव्वदच्या वर गेली की पृष्ठभाग चिकट होतो आणि नको ती बुरशी येते. साठच्या खाली गेली की बाहेरचं कवच फार लवकर आणि फार जाड होतं, वाया जास्त जातं. पहिल्या आठवड्यात मांस स्वतःच भरपूर पाणी सोडतं, म्हणून आकडा वर दिसला तर घाबरू नका. पंखा चालू असेल तर तो उतरतो.

गुलाबी सैंधवाच्या विटा लावायच्या का, असं हमखास विचारलं जातं. दिसायला छान असतात. मिठाचं संपृक्त द्रावण बंद जागेत हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर धरतं हे खरं, पण त्यासाठी ताटात साधं मीठ घालून ते थोडं ओलं केलं तरी तेच काम होतं. विटांनी चव येत नाही आणि मांस ‘शुद्ध’ही होत नाही.

मांस आणलं की पिशवी उघडा, कोरडं टिपा. धुवायचं नाही, धुतल्याने जिवाणू सिंकभर पसरतात आणि पृष्ठभाग पुन्हा ओला होतो. चरबी अजिबात छाटायची नाही. वजन करून तारखेसकट लिहून ठेवा. जाळीवर हाडाची बाजू खाली, चरबी वर, सगळीकडून चार बोटं जागा. पहिले दोन दिवस दार उघडू नका. तिसऱ्या दिवशी पृष्ठभाग हाताला आंबापोळीसारखा लागला पाहिजे: कोरडा, पण किंचित धरणारा. तो अजून ओला, बुळबुळीत लागत असेल तर हवा फिरत नाहीये, आणि ते तेव्हाच दुरुस्त करायला हवं. आठवड्याने केलं तर उशीर झालेला असतो. दहाव्या दिवसापर्यंत रंग गडद मरून होतो आणि दाबलं तर वर टणक, आत मऊ लागतं. मग आठवड्यातून एकदा बघणं पुरे. बघायचं म्हणजे नाक आत घालून वास घ्यायचा आणि वजन करायचं.

वेगळा फ्रिज शक्यच नसेल तर वाफ बाहेर जाऊ देणाऱ्या खास पिशव्या मिळतात, उमाई हे त्यातलं माहितीतलं नाव. पिशवी मांसाला त्वचेसारखी चिकटली पाहिजे, हवेचे फुगे राहिले तर तिथे वाळत नाही. वास आत-बाहेर कमी जातो, म्हणून रोजच्या फ्रिजमध्येही चालतं, पण तोही ४ अंशांच्या खाली हवाच. उघड्या एजिंगपेक्षा चव सौम्य येते, कारण पृष्ठभागावरची बुरशी आणि यीस्ट यांना तितका वाव मिळत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवतो.

किती दिवस? पिशवीतून आलेलं मांस मऊ झालेलंच असतं, म्हणून १४ दिवस ड्राय-एज केलंत तर मांस वाया जाईल आणि चव जेमतेम बदलेल. मला विचाराल तर पहिल्या खेपेला २८ ते ३० दिवस. त्यात दाण्यांचा, लोण्याचा वास स्पष्ट येतो आणि तो सगळ्यांना आवडतो. ४५ दिवसांना चीजकडे झुकलेला उग्रपणा येतो, तो ज्याला हवा त्यालाच हवा असतो. त्याच्या पुढे घरच्या फ्रिजमध्ये जाऊ नका.

बिघडलं हे कसं ओळखायचं? कवचावर कोरडी, पांढरट भुरी आली तर ती कवचाबरोबर जाते. हिरवी, काळी, लव असलेली बुरशी, गुलाबी किंवा नारिंगी डाग, बुळबुळीतपणा यांपैकी काहीही दिसलं तर अख्खा तुकडा टाका, ‘तेवढंच कापून टाकू’ असं करू नका. आंबट, अमोनियासारखा किंवा कुजका वास आला तरी तेच. वीज गेली आणि पाण्याच्या पेल्यातलं तापमान ४.४ अंशांच्या, म्हणजे ४० फॅरनहाइटच्या वर चार तासांहून जास्त राहिलं, तर तिथेच थांबायचं आणि मांस टाकून द्यायचं. इतके पैसे घातलेले असताना हे जड जातं, मला मान्य आहे. पण लिस्टेरिया हा घातक जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि त्याला वास नसतो. थंडी आणि कोरडेपणा या दोनच गोष्टी आपल्या हातात आहेत.

छाटणी नीट समजून घ्या, कारण लोक इथेच फार कापतात किंवा फार ठेवतात. तुकडा आधी ३०-४० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे मांस घट्ट होतं आणि सुरी घसरत नाही. लांब, पातळ, लवचीक पात्याची हाडं सोडवायची सुरी हवी. आधी दोन्ही टोकांचे काप काढा आणि मग स्टेक कापा. कडा प्रत्येक स्टेकच्या नंतर छाटणं सोपं, कारण कापलेल्या तोंडावर थर स्पष्ट दिसतात: बाहेर जवळजवळ काळा, मग गडद तपकिरी, मग ताज्या मांसाचा लाल. तीन-तीन मिलिमीटरचे काप काढत लालपर्यंत पोचलात की थांबा. तपकिरी पट्टा ठेवलात तर तो चावताना सुतळीसारखा राहतो. चरबीचा फक्त पिवळा, मेणचट झालेला थर काढायचा, खालची पांढरी चरबी ठेवायची. पिवळी चरबी खवट असते आणि तव्यावर तिचा वास अख्ख्या स्टेकला लागतो. छाटणीची फळी आणि सुरी गरम साबणाच्या पाण्यात धुऊन मगच स्टेक पुढे न्या. कवच खिम्यात घालून बर्गर करायचा मोह टाळा, जिवाणूंचं सगळं ओझं त्यातच असतं.

पैशांचं सांगतो. समजा ६ किलोचा, म्हणजे १३ पौंडांचा स्ट्रिप लॉइन १२ डॉलर पौंडाने घेतला, १५६ डॉलर. तीस दिवसांत साधारण ८०० ग्रॅम पाणी जातं, छाटणीत १२०० ग्रॅमच्या आसपास. हातात ४ किलो. म्हणजे खरा भाव पौंडाला १८ डॉलरच्या जवळ पडला, फ्रिज आणि विजेचा खर्च वेगळा. वर्षातून एक-दोनदाच खाणार असाल तर चांगल्या खाटकाकडून दोन तयार ड्राय-एज्ड स्टेक आणणं स्वस्त पडेल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी: राज्यात २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीनंतर गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे हा प्रयोग तिथला नाही. म्हशीचं मांस मिळतं, पण ते बहुतेक ठिकाणी चरबी आणि हाड सोडवून, त्याच दिवशी विकलं जातं. वरचं कवच नसलेल्या अशा मांसाचं ड्राय एजिंगमध्ये नुसतं नुकसान होतं. बोकडाच्या मांसावरही बाहेरची चरबी फारशी नसते. मात्र सकाळी कापलेलं मटण दुपारीच शिजवण्याऐवजी, दुकानातून ताबडतोब आणून, कोरडं टिपून, जाळीवर १-२ अंशांना एक-दोन दिवस ठेवलं तर स्नायूंचा ताठरपणा सुटतो आणि रस्सा व्हायला कुकरच्या शिट्ट्या कमी लागतात. त्याहून जास्त ठेवू नये.

शेवटी शिजवण्याबद्दल, कारण महिन्याभराचं काम इथे पाच मिनिटांत बिघडू शकतं. एज्ड मांस लवकर रंग धरतं आणि लवकर करपतं. मोकळी अमिनो आम्लं जास्त आणि पृष्ठभाग कोरडा, दोन्हींचा हा परिणाम. ४ सेंटिमीटरचा स्टेक ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सियसला, मध्यभागी ४६-४८ अंश होईपर्यंत ठेवा. मग चांगल्या तापलेल्या बिडाच्या तव्यावर दर बाजूला पाऊण ते एक मिनिट. चरबीची कड उभी धरून वेगळी खरपूस करा. आतलं तापमान ५४ च्या आसपास थांबतं. यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचा, सल्ला ६३ अंश आणि वर तीन मिनिटं थांबण्याचा आहे. गरोदर बायका, लहान मुलं आणि आजारी माणसांसाठी तोच पाळा, आणि त्यांच्यासाठी एज्ड नसलेला साधा स्टेक घेतलात तर आणखी चांगलं. मीठ आणि ताजी कुटलेली मिरी, बाकी काही नको. आलं-लसूण, गरम मसाला लावलात की महिनाभर मिळवलेला वास त्याखाली बुडतो.

सगळे स्टेक एकदम खायचे नसतात. उरलेले एकेक करून व्हॅक्यूम करा आणि उणे १८ अंशांना गोठवा. एजिंग तिथे जवळपास थांबतं. किंवा २८ व्या दिवशी अर्धा तुकडा कापून घ्या आणि उरलेला तसाच जाळीवर ४० व्या दिवसापर्यंत ठेवा. नव्याने उघड्या पडलेल्या तोंडाचा एक पातळ काप जास्तीचा जाईल, पण दोन्ही चवी शेजारी-शेजारी खाऊन पुढच्या वेळी किती दिवस ठेवायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.